नावाकडून नावाकडे : महाजालावरील ‘उर्फ’ नोंदी

ग्रंथालयातील लाकडी खणांमधली तालिकापत्रे ज्यांनी चाळली आहेत, त्यांना एक वेगळ्या प्रकारचे कार्ड आठवत असेल. ‘क’च्या खणात शोधता शोधता ‘कुसुमाग्रज’ हे नाव सापडे. पण त्याखाली ना पुस्तकाचे नाव, ना वर्गांक, ना कपाटाचा क्रमांक. फक्त एवढेच लिहिलेले असे : ‘पाहा – शिरवाडकर, वि. वा.’ मग आपण ‘श’चा खण उघडायचा. काही ग्रंथालयांत याच्या उलट पद्धत असे, म्हणजे मुख्य नोंद ‘कुसुमाग्रज’ या नावाने आणि ‘पाहा’चे कार्ड शिरवाडकरांच्या नावाने. कोणते नाव प्रमाण मानायचे हे ग्रंथपालाने ठरवायचे. एकदा ठरवले की दुसऱ्या नावाच्या कार्डावर ‘पाहा’खेरीज काहीही लिहायचे नाही, हा नियम मात्र दोन्हीकडे सारखा.

महाजालाच्या नावांच्या व्यवस्थेत हुबेहूब असेच एक कार्ड आहे. संगणकाच्या परिभाषेत त्याला ‘सीनेम’ नोंद म्हणतात. आम्ही या लेखात तिला ‘उर्फ-नोंद’ म्हणणार आहोत. आज अनेक शाळांचे स्वतःचे डोमेन नाव असते आणि त्याच्या नोंदी भरण्याचे काम बहुधा संगणक शिकवणाऱ्या शिक्षकांच्या गळ्यात पडते. नोंद भरणे तसे सोपे आहे. दोन रकाने असतात, डावीकडे एक नाव आणि उजवीकडे दुसरे. परंतु ही नोंद नेमके काय म्हणते ते कळले नसेल तर शाळेचे टपाल बंद पडू शकते, आणि शाळेचे नाव परक्याच्या हातीही जाऊ शकते. दोन्ही प्रकार आम्ही जवळून पाहिले आहेत.

प्रथम थोडी पार्श्वभूमी. संगणक एकमेकांना ओळखतात ते क्रमांकांनी. माणसाला क्रमांक लक्षात ठेवणे जड जाते, म्हणून नावे आली. महाजालाचा पूर्वज असलेल्या ‘आर्पानेट’ या अमेरिकन जाळ्यात सगळ्या संगणकांची नावे आणि त्यांचे क्रमांक एकाच फाइलमध्ये लिहिलेले असत. कॅलिफोर्नियातील मेन्लो पार्क येथील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर यांच्या देखरेखीखालील माहिती केंद्र ही फाइल सांभाळी. एखाद्या विद्यापीठाने नवा संगणक जोडला की त्या केंद्राला कळवायचे, केंद्राने फाइल दुरुस्त करायची, आणि बाकी सर्वांनी ती नवी फाइल आपापल्याकडे उतरवून घ्यायची. विशेष म्हणजे त्या फाइलमध्येही टोपणनावांची सोय होती. एका क्रमांकापुढे आधी अधिकृत नाव आणि मग स्वल्पविराम देऊन टोपणनाव लिहीत. खुद्द माहिती केंद्राच्याच संगणकाचे अधिकृत नाव ‘एसआरआय-निक’ आणि टोपणनाव नुसते ‘निक’ असे होते.

संगणक वाढत गेले तशी ही एकच यादी सर्वांना पुरी पडेना. १९८३ साली दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या इन्फर्मेशन सायन्सेस इन्स्टिट्यूटमध्ये पॉल मॉकापेट्रिस यांनी वेगळीच रचना मांडली. यादी एका ठिकाणी ठेवायची नाही, ती वाटून द्यायची. ज्याचे नाव, त्याने आपल्या नावाखालच्या नोंदी स्वतः सांभाळायच्या, आणि विचारणाऱ्याला वरून खाली, पायरी-पायरीने योग्य ठिकाणी पाठवायचे. हीच ‘डोमेन नेम सिस्टिम’ किंवा डीएनएस. १९८७ साली तिचे सुधारलेले विवरण प्रसिद्ध झाले आणि त्याचा गाभा आजही चालू आहे.

उर्फ-नोंदीची गरज त्या काळात लगेचच जाणवली. जुन्या जाळ्यातील संगणकांची नावे बदलून नव्या रचनेत बसवायची होती. पण जगभर लोकांना जुनीच नावे पाठ होती. तेव्हा जुने नाव पुसून न टाकता तेथे ‘पाहा’चे कार्ड ठेवण्यात आले. १९८७ च्या विवरणातील उदाहरण याच प्रकारचे आहे. ‘यूएससी-आयएसआयसी.आर्पा’ हे जुने नाव म्हणजे ‘सी.आयएसआय.ईडीयू’ या नव्या नावाचे उर्फ, आणि त्या नव्या नावाचा क्रमांक १०.०.०.५२. जुन्या नावाचा क्रमांक कुणी विचारला की उत्तर मिळते, ‘या नावाचे प्रमाण नाव अमुक आहे, तेथे विचारा’. विचारणारा आपलाच प्रश्न नव्या नावाने पुन्हा पहिल्यापासून विचारतो.

येथे परिभाषेचा एक घोटाळा सांगून ठेवतो, कारण तो भल्याभल्यांना चकवतो. ‘सीनेम’मधला ‘सी’ हा ‘कॅनॉनिकल’, म्हणजे प्रमाण, या शब्दाचा आहे. पण बोलताना लोक डावीकडच्या उर्फ नावालाच ‘सीनेम’ म्हणतात. वास्तविक प्रमाण नाव उजवीकडे असते. ‘कुसुमाग्रज’ हे डावीकडे, ‘शिरवाडकर’ हे उजवीकडे, एवढे ध्यानात ठेवले की रकाने उलटसुलट भरले जात नाहीत.

आता त्या नियमाकडे वळू. ज्या नावाला उर्फ-नोंद आहे त्या नावाला दुसरी कोणतीही नोंद असता कामा नये. असे का? समजा ‘कुसुमाग्रज’च्या कार्डावर ‘पाहा – शिरवाडकर’ असे लिहिले, आणि शिवाय सोयीसाठी म्हणून कपाट क्रमांक १२ असेही लिहिले. पुढे पुस्तके कपाट १७ मध्ये हलवली. ग्रंथपाल शिरवाडकरांच्या कार्डावर दुरुस्ती करील. कुसुमाग्रजांच्या कार्डावर करायचे राहून जाईल. आता एकाच लेखकाची पुस्तके दोन कार्डांनुसार दोन ठिकाणी! डीएनएसच्या विवरणात हेच कारण दिले आहे. उर्फ नाव आणि प्रमाण नाव यांची माहिती कधीही वेगवेगळी निघू नये. म्हणजेच उर्फ-नोंद ही क्रमांकापुरती मर्यादित सूचना नाही. ‘या नावाविषयी जे काही विचारायचे असेल ते सगळे तिकडे विचारा’ असे ते संपूर्ण हस्तांतर असते. या एका वाक्यातून पुढच्या सगळ्या अडचणी निघतात आणि सगळी सोयही त्यातूनच निघते.

सोय कशी ते मराठी विकिपीडियाच्या उदाहरणावरून पाहू. वर्गात हा प्रयोग करता येतो. विंडोज संगणकावर आदेशाची काळी खिडकी उघडून ‘एनएसलुकअप’ हा आदेश द्यावा आणि त्यापुढे, अर्थातच रोमन लिपीत, मराठी विकिपीडियाचा पत्ता लिहावा : ‘एमआर.विकिपीडिया.ऑर्ग’. उत्तरात मुख्य नाव म्हणून आपण विचारलेले नाव येत नाही. तेथे ‘डायना.विकिमीडिया.ऑर्ग’ असे भलतेच नाव दिसते, आणि आपले नाव खाली ‘अलायसेस’, म्हणजे उर्फ, या सदरात असते. आता हिंदी, कोकणी, इंग्रजी अशा दुसऱ्या भाषांचे विकिपीडिया विचारून पाहावेत. सगळ्यांचे बोट त्याच एका नावाकडे! हे ‘डायना’ म्हणजे कुणा मुलीचे नाव नव्हे. ‘डायनॅमिक’ या शब्दाचे ते तोकडे रूप असावे असे दिसते.

विकिपीडिया तीनशेहून अधिक भाषांत आहे. प्रत्येक भाषेच्या नावापुढे क्रमांक लिहून ठेवले असते, तर यंत्रे बदलताना तीनशेहून अधिक नोंदी बदलाव्या लागल्या असत्या. उर्फ-नोंदीमुळे एकच बदलावी लागते. शिवाय ते एक प्रमाण नाव प्रश्न कुठून आला हे पाहून उत्तर देते. विकिमीडियाची केंद्रे अमेरिकेत, युरोपात आणि २०१८ पासून सिंगापूरलाही आहेत. विचारणाऱ्याला शक्यतो जवळच्या केंद्राचा क्रमांक मिळतो. मोठमोठ्या संकेतस्थळांची पाने जगभर विखुरलेल्या यंत्रांवरून पुरवणाऱ्या कंपन्यांचा पुष्कळसा व्यवहार याच युक्तीवर उभा आहे. ग्राहकाने आपले नाव कंपनीच्या नावाचे उर्फ म्हणून लिहायचे. पुढे यंत्रे कुठली, क्रमांक कोणते, हे कंपनी ठरवील.

याच प्रयोगाचा दुसरा भाग विद्यार्थ्यांना अधिक कोड्यात टाकतो. आता पुढचे ‘एमआर’ काढून नुसते ‘विकिपीडिया.ऑर्ग’ विचारावे. या वेळी उर्फ दिसत नाही; थेट क्रमांक मिळतो. सगळ्या भाषांना जी युक्ती चालते ती या उघड्या नावाला का बरे लावली नसेल? उत्तर आपल्या नियमातच आहे. पण ते देण्याआधी एका शाळेची गोष्ट सांगितली पाहिजे.

खरी नावे घेऊन कुणाला अडचणीत आणायला नको, म्हणून त्या शाळेचे नाव ‘शाळा.उदाहरण’ असे समजू. शाळेने एका कंपनीकडे नवे संकेतस्थळ बनवले. कंपनीने सांगितले, ‘तुमच्या नावाची उर्फ-नोंद आमच्या नावाकडे करा.’ शिक्षकांनी ती चोख केली, फक्त ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू.शाळा.उदाहरण’ या नावावर करण्याऐवजी थेट ‘शाळा.उदाहरण’ या उघड्या नावावर केली. संकेतस्थळ दिसू लागले, सगळे खूश. आठवड्याभरात तक्रारी सुरू झाल्या की काही पालकांची ई-पत्रे शाळेला पोहोचतात, काहींची परत येतात. एकाच पालकाचे सकाळचे पत्र येते आणि दुपारचे येत नाही. शाळेने टपालाची सेवा देणाऱ्यांना दोष दिला, त्यांनी शाळेच्या जोडणीला. तोवर अर्ज भरायची मुदत जवळ येऊन ठेपली होती.

झाले होते ते असे. टपाल पाठवणारा संगणक ‘शाळा.उदाहरण’साठी टपालाची नोंद मागतो. ही नोंद वेगळी असते. तिला ‘एमएक्स’ म्हणतात. शाळेने ती पूर्वीच नीट भरलेली होती. पण आता त्याच नावावर उर्फ-नोंदही होती, आणि उर्फ-नोंद म्हणते, ‘सगळे तिकडे विचारा’. मग टपालाचा प्रश्नही संकेतस्थळाच्या कंपनीकडे जाई, जिला शाळेच्या टपालाशी काही देणेघेणे नव्हते. मग काही पत्रे पोहोचत होती ती कशी? वाटेतले सर्व्हर मिळालेली उत्तरे काही काळ लक्षात ठेवतात. ज्या सर्व्हरला आधी कुणी संकेतस्थळाविषयी विचारले होते त्याच्या स्मरणात उर्फ-नोंद होती. त्याच्यामार्फत गेलेले पत्र भरकटे. ज्याच्या स्मरणात ती नव्हती त्याला टपालाची जुनी नोंद मिळे आणि पत्र सुखरूप पोहोचे. नियम मोडला की यंत्रणा सरळ बंद पडली असती तर दोष लगेच सापडला असता. ती अधूनमधून चालते, हा खरा त्रास. नेम सर्व्हरच्या काही चांगल्या आज्ञावल्या उर्फ-नोंद आणि दुसरी नोंद एकाच नावावर दिसली तर ती यादी स्वीकारतच नाहीत. त्या शाळेने ज्यांचा फॉर्म वापरला होता त्यांनी मात्र निमूटपणे स्वीकारली. आमच्या मते मोठा दोष फॉर्म बनवणाऱ्यांचा आहे.

टपाल नसले तरीही उघड्या नावाला उर्फ चालत नाही. प्रत्येक डोमेनच्या माथ्यावर दोन नोंदी असाव्याच लागतात. एक, हे डोमेन कुणाच्या ताब्यात आहे ते सांगणारी, आणि दुसरी, याच्या नोंदी कोणत्या नेम सर्व्हरवर आहेत ते सांगणारी. त्या काढता येत नाहीत, आणि त्या असताना उर्फ ठेवता येत नाही. म्हणूनच विकिपीडियाचे उघडे नाव थेट क्रमांक देते. ओघात आणखी एक सांगतो. टपालाच्या किंवा नेम सर्व्हरच्या नोंदीत उजवीकडे जे नाव लिहायचे, तेही उर्फ असून चालत नाही. १९९७ च्या एका स्पष्टीकरणात हे निःसंदिग्धपणे सांगितले आहे.

लोकांना तर उघडे नावच हवे असते. ते छापायला सुटसुटीत. त्यावर सेवा देणाऱ्यांनी तोडगा काढला. नेम सर्व्हरने स्वतःच मागच्या मागे प्रमाण नावाचा क्रमांक शोधायचा आणि आपला म्हणून सांगायचा. म्हणजे ग्रंथपालाने ‘पाहा’चे कार्ड आपल्या टेबलाच्या खणात ठेवून वाचकाला थेट कपाट क्रमांक सांगावा तसे. निरनिराळ्या कंपन्या याला निरनिराळी नावे देतात. यात एक उणीव राहते. प्रमाण नावाला प्रश्न आता वाचकाकडून येत नाही, ग्रंथपालाकडून येतो. त्यामुळे जवळचे केंद्र निवडण्याची युक्ती चुकू शकते. नोव्हेंबर २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नव्या मानकात संकेतस्थळांसाठी वेगळी नोंद आली आहे. ती फक्त संकेतस्थळापुरते ‘तिकडे विचारा’ म्हणते आणि टपालाला हात लावत नाही, म्हणून ती माथ्यावरही चालते. सर्वत्र रुळायला तिला अजून वेळ लागेल.

उर्फ-नोंद काय करीत नाही, हेही सांगायला हवे. पुष्कळांना वाटते की ‘ग्रंथालय.शाळा.उदाहरण’ला दुसऱ्या नावाचे उर्फ केले की ब्राउझरच्या पट्टीत ते दुसरे नाव दिसू लागेल. तसे होत नाही. डीएनएस फक्त क्रमांक मिळवून देते. त्या क्रमांकाच्या यंत्राशी बोलताना ब्राउझर आपण टंकलेले मूळ नावच सांगतो. वाचक ‘पाहा’च्या कार्डावरून योग्य कपाटाशी पोहोचला, पण तेथल्या माणसाकडे त्याने ‘कुसुमाग्रज’च मागितले, त्या माणसाने हे नाव ऐकलेलेच नसेल तर तो हात हलवत परत पाठवणार. म्हणून नोंद केल्यावर त्या सेवेलाही कळवावे लागते की आमच्या या नावाने कुणी आले तर त्याला ओळखा. सुरक्षिततेचे प्रमाणपत्रही त्याच नावाचे घ्यावे लागते. पट्टीतले नाव बदलायचे असेल तर ते काम संकेतस्थळाच्या सर्व्हरने ‘आम्ही तिकडे गेलो आहोत’ असे सांगून करायचे असते. तो टपालातला पत्ताबदल झाला, उर्फ नव्हे.

आता आमच्या संस्थेचा अनुभव. काही वर्षांपूर्वी आम्ही शिक्षकांसाठी एक कार्यशाळा घेतली होती. तिची माहिती ठेवायला बाहेरची एक सेवा वर्षभर घेतली आणि ‘कार्यशाळा’ असे उपनाम आमच्या डोमेनखाली काढून ते त्या सेवेवरच्या नावाचे उर्फ केले. वर्ष संपले, आम्ही सेवा बंद केली. उर्फ-नोंद पुसायचे कुणाच्या लक्षात आले नाही. पुढे एका सकाळी एका शिक्षिकेचा दूरध्वनी आला. “सर, तुमच्या कार्यशाळेच्या पानावर रमीची जाहिरात दिसतेय. मी वर्गात मोठ्या पडद्यावर लावलं होतं हो, मुलं हसायला लागली.”

आमच्या संगणकात कुणी शिरले असेल अशा समजुतीने आम्ही दोन दिवस शोधाशोध केली. कुणीही शिरले नव्हते. आम्ही सोडून दिलेले त्या सेवेवरचे नाव मोकळे झाले होते आणि दुसऱ्या कुणीतरी ते रीतसर नोंदवले होते. आमचे कार्ड मात्र अजून तिकडेच बोट दाखवीत होते. आपले कुलूप शाबूत, आणि घराची पाटी परक्याच्या दारावर! याहून गंभीर गोष्ट आम्हाला नंतर कळली. सुरक्षिततेचे प्रमाणपत्र देणाऱ्या संस्था अर्जदाराचा नावावर ताबा आहे की नाही हे तपासताना, त्या नावाच्या संकेतस्थळावर एक ठरावीक फाइल ठेवून दाखवायला सांगतात. आमच्या ‘कार्यशाळे’वर ती फाइल ठेवणे त्या परक्या माणसाला सहज शक्य होते. म्हणजे आमच्या नावाचे खरेखुरे प्रमाणपत्र, ब्राउझरमधल्या कुलुपाच्या चिन्हासह, त्याला मिळू शकले असते. रमीची जाहिरात निदान उघड होती. तेथे आमच्याच नावाने शिक्षकांचे नोंदणी अर्ज आणि शुल्क मागितले असते, तर कुणाला शंका आली असती?

या प्रकारात क्रम महत्त्वाचा असतो. सेवा सुरू करताना आधी ती सेवा घ्यायची, मग उर्फ-नोंद करायची. बंद करताना याच्या उलट : आधी उर्फ-नोंद पुसायची, तिचा स्मरणकाल संपेपर्यंत थांबायचे, आणि मग सेवा सोडायची. हा स्मरणकाल नोंदीतच सेकंदांत लिहिलेला असतो. ८६,४०० लिहिले असेल तर वाटेतले सर्व्हर जुने उत्तर पूर्ण एक दिवस देत राहू शकतात. बदल करायचा दिवस आधीपासून ठाऊक असेल तर एक-दोन दिवस अगोदर तो आकडा ३०० वर, म्हणजे पाच मिनिटांवर, आणून ठेवावा.

त्या दूरध्वनीनंतर आम्ही आमच्या डोमेनखालच्या सर्व उर्फ-नोंदी कागदावर उतरवल्या, आणि प्रत्येकीपुढे उजवीकडचे नाव आज कुणाच्या ताब्यात आहे ते लिहायला घेतले. दोन ठिकाणी तो रकाना भरता आला नाही. त्या नोंदी त्याच संध्याकाळी पुसल्या. यादी आता फळ्याशेजारी लावलेली आहे आणि दर जूनमध्ये, हजेरीपत्रके नवी होतात तेव्हा, ती पुन्हा तपासली जाते.